गाणं मधातच कावून बंद पडते?

नाई, पण दर खेपेस मधातच कावून बंद पडावं म्हणतो मी! म्हणजे तुमाले सांगतो, समोर झेंडूचा ढीग, सुईत दोरा ओवलेला, कानात वायर घातलेली, थो ढोल आत्ता वाजन, आत्ता वाजन म्हणून माही मान बी तयार, हात बी तयार... अन् चूप! गाणं गायब! समोर गिऱ्हाईक उभं. थो म्हणते, "मावशी, मान कावून हालवून राह्यल्या? हार देता का नाई?" आता त्याले काय सांगू, का बाबा, माहं गाणं अकोल्यात बसून माह्या पोरीनं बंद पाडलं? पण मी बोलली नाई. हार बांधून देल्ला अन् गप बसली. मी तशी काई जास्ती बोलत नाई.

मी माणिकबाई. अमरावतीले अंबादेवीच्या रस्त्यावर आमचं फुलाचं दुकान हाये. दुकान म्हणजे काय, एक बाकडं, वर ताडपत्री, पाण्याच्या बकेटा, अन् एक नवरा. शेषराव त्याईचं नाव. पहाटे फुलबाजारातून माल आणणं त्याईच्याकडे, अन् हार करणं, भाव करणं, गिऱ्हाईकासंग बोलणं हे सगळं माह्याकडे. कारण त्याईच्या तोंडातून एकच शब्द निंघते. "हं." "अहो, आभाळ आलं वाटते." "हं." "अहो, ताडपत्री फाटली." "हं." "अहो, मी मेली तं?" "हं!" म्हणजे ऐकतच नाईत ना! अन् लग्न झालं तेव्हापासून ऐकत नाईत, म्हणून मले त्याच्यात काई नवीन वाटलंच नाई, हे ध्यानात ठेवा.

आमाले एकच पोरगी. गीतांजली. अकोल्याले शेतकी कॉलेजात शिकते, होस्टेलवर राह्यते. अन् सभाव? बापावर! मी फोन लावतो, "गीता, जेवली का?" "हो." "बरी हायेस?" "हो." "काय चालू हाये?" "काई नाई." झालं! अरे, नऊ महिने पोटात वागवलं तुले, एवढी बोलणारी माय तुही, अन् तू मले एका शब्दावर वाटेले लावते?

पण जाण्याच्या आधी तिनं एक काम केलं. कॉलेजसाठी नवीन फोन घेतला, जुना बापाले देल्ला. मी म्हटलं, "त्याईले फोन कायले? 'हं' तं बिना फोनचं बी म्हणता येते." अन् माह्या फोनात तिनं थे गाण्याचं ॲप टाकलं. म्हणते, "आई, यात जगातली सगळी गाणी हायेत. माह्याच खात्यावर चालू करून देल्लं. फक्त एका टायमाले एकच जण ऐकू शकते. तू लावलं का माहं बंद, मी लावलं का तुहं बंद." मी म्हटलं, म्हणजे नळासारखंच हाये. तिकडे कोणी चालू केला का इकडची धार गेली.

सुरवातीले मले लय राग ये. आरती ऐका तं मधातच बंद, लावणी ऐका तं मधातच बंद. पाहा तं फोनवर येते, गाणं 'गीतांजलीचा फोन' यावर चालू हाये. इंग्रजीत येते, पण पोरीचं नाव वाचता येते ना मले! मंग हळूहळू माह्या डोक्यात उजेड पडला. सकाळी गाणं बंद पडलं, म्हणजे पोरगी उठली. दुपारी पडलं, म्हणजे कॉलेजातून आली. फोनवर "हो" शिवाय बोलत नाई, पण गाणं बंद पाडून सांगते ना मले, आई, मी हाये इथं! तवापासून बंद पडलं का मले बरं वाटे. बाजूच्या बिस्मिल्लाबीले मी सांगो, "पाह्य, उठली माही पोट्टी!"

बिस्मिल्लाबी म्हणजे आमच्या बाजूलेच बांगड्याचं दुकान लावते. माह्याहून मोठी हाये, पण आमची दोस्ती जुनी. थे म्हणे, "अरी माणिक, बच्ची जो सुनती वो तू भी सुन ना. बात करने कू कुछ तो मिलेगा." पटलं मले! पोरीसंग बोलायले विषय पाह्यजे, तं पोरगी काय ऐकते थे आपण ऐकलं पाह्यजे. मंग मी तिनं ऐकलेली गाणी एकेक करून लावू लागली.

बाप्पा बाप्पा! काय काय निंघालं त्यातून! पह्यलं रॅप लागलं. एक पोट्टा नुसता बोलूनच राह्यला, श्वास नाई, थांबणं नाई. मी म्हटलं, हे गाणं हाये? मंग तं मी जन्मापासून गाऊन राह्यली! मंग कोरियाचे पोट्टे लागले. पोट्टे का पोट्ट्या हेच आधी समजेना, पण नाचतात असे जसे सगळे एकाच दोऱ्यात ओवलेले. मंग निंघालं मेटल. थे लागलं अन् मले वाटलं कोणाले तरी करंट लागला! वायरच काढून फेकली म्या. पण तुमाले सांगतो, दसऱ्याच्या गर्दीत एक दिवस चुकून थेच लागलं, अन् माहा हात असा चालला, असा चालला, का हाराची रास पडली! तवापासून आपलं ठरलेलं हाये. झेंडूले मेटल. शेवंतीले कोरियन, कारण शेवंतीले जरा नाजूक हात लागते. अन् गुलाबाले गजल. नवरदेवाच्या गाडीवर फुलं लावाची असली का रॅप.

अन् पोरगी बोलू लागली ना! फोन केला तं म्हणते, "आई, थे मेटल तू ऐकलं? पूर्ण? अन् आवडलं?" मी म्हटलं, "ढोलवाला चांगला हाये, पण गाणाऱ्याले गुळण्या करायले सांग." अशी हासली, अशी हासली! मंग तिनं मले शिकवलं, व्हाइब म्हणजे काय, ट्रेंडिंग म्हणजे काय. कॉलेजच्या पोट्ट्या गजरा घ्यायले येत तं मी त्याईले विचारो, "कावं, नवीन काय ऐकून राह्यल्या?" पोट्ट्या हरखून जात. मी फक्त विचारो, हां. मी काई जास्ती बोलत नाई.

सगळं सुखात चालू होतं. अन् दिवाळीनंतर बिघडलं.

म्हणजे झालं असं, का गाणं पहाटेच बंद पडू लागलं. मी उठून सडा टाकतो, भूपाळी लावतो, अन् बंद! 'गीतांजलीचा फोन.' आधी मले लय कौतुक वाटलं. गल्लीभर सांगितलं म्या, "पोरगी पहाटे उठून अभ्यास करून राह्यली!" पण पाह्यलं तं गाणी कोणती? सगळी रडकी! भाषा कोणती थे समजत नाई, पण रडणं समजते ना? रडण्याले भाषा लागते का? एक कोरियन बाई, नुसती हुंदके देऊन राह्यली. मंग एक पियानो, थो बी रडतेच. अन् तेच गाणं परत, परत, परत!

मी गेली निखतकडे. निखत म्हणजे बिस्मिल्लाबीची सून, पोराईच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. तिनं फोनवर अर्थ काढला. वाचला अन् फोन पालथा ठेवला. मी म्हटलं, "बोल ना!" थे म्हणते, "काकू, हे असं हाये का... मी नसली तरी तुझी सकाळ होईलच, खिडकीतली माझी जागा रिकामी राहू दे..."

मी म्हटलं, "कुठी चालली थे?" निखत म्हणते, "काकू, गाणंच हाये." मी म्हटलं, "दुसरं पाह्य." दुसरं तं उर्दू निंघालं, गजल. थे बिस्मिल्लाबीनं ऐकली. डोळे मिटून ऐकली, मान हालवली, अन् म्हणते, "वा! बहोत उम्दा... मगर इसमें तो कफन भी है, माणिक."

आता सांगा! मायच्या काळजाचं काय होईन?

फोन लावला पोरीले. "गीता, बरी हायेस?" "हो." "खिडकीपाशी तं नाई बसली?" "काय?" "काई नाई, जेवली?" "हो, आई, क्लास हाये, ठेवतो." कोणाचं लफडं असन का? कोणी फसवलं असन का? का पेपर गेला असन? नवऱ्याले सांगितलं, "अहो, पोरगी रडकी गाणी ऐकून राह्यली. तिच्या मनात काईतरी हाये!" त्याईनं मफलर कानावरून घट्ट ओढलं, खाली पाह्यलं, अन् म्हणाले, "हं." या माणसाले काळीजच देल्लं नाई देवानं, असं म्हटलं म्या मनात. तोंडानं बी म्हटलं, पण थोडंसंच. मी काई जास्ती बोलत नाई.

अन् मंग एक दिवस, तुमाले सांगतो, सकाळी मी भूपाळी लावली... अन् भूपाळी संपली.

म्हणजे पुरी झाली हो! शेवटपर्यंत! तिच्या शेवटी काय हाये हे मले तवा पह्यल्यांदा समजलं. मी मेटल लावलं. थे बी पुरं झालं. कोरियन लावलं, पुरं. कोणीच बंद पाडेना! पोरीले फोन लावला. नुसता वाजते. परत लावला. वाजते. एवढे दिवस मी चिडो का गाणं बंद कावून पडते, अन् आता सगळे गाणे धडधड चालून राह्यले अन् माहा जीव बंद पडाची पाळी!

शेवंतीची टोपली तशीच टाकली. नवऱ्याले म्हटलं, "मी अकोल्याले चालली." "हं." बिस्मिल्लाबीनं बांगड्याच्या पेटीले कुलूप लावलं, म्हणते, "तू अकेली नक्को जा." दुकान निखतवर सोपवलं अन् आमी दोघी एसटीत बसलो.

घाईत कानातली वायर घरीच राह्यली. पण गाणं तं लावाच लागन ना! थे बंद पडलं तरच समजन का पोरगी हाये. मंग म्या मेटल लावलं, मोठ्या आवाजात, भर एसटीत. बडनेरा गेलं नाई तं मागून एक जण वरडला, "कोण मरून राह्यलं बे तिकडे?" कंडक्टर आला, कुलदीप नाव होतं त्याच्या बिल्ल्यावर. म्हणते, "मावशी, बंद करा थे!" मी म्हटलं, "मी नाई करणार बंद! थे माही पोरगी करन बंद!" म्हणते, "कुठी हाये पोरगी?" मी म्हटलं, "अकोल्याले!" थो पाह्यतच राह्यला माह्याकडे. म्या फोन छातीशी धरला. मंग बिस्मिल्लाबी उठली, दांडा पकडला, अन् साऱ्या गाडीले सांगितलं का असं असं हाये, बच्ची गाना बंद करेगी तो समझो खैरियत है.

तुमाले सांगतो, मूर्तिजापूरपर्यंत सारी गाडी मेटल ऐकून राह्यली अन् गाणं बंद पडावं म्हणून देवाले हात जोडून राह्यली! काई जण पोरीसाठी जोडून राह्यले होते, काई जण सोतासाठी, पण जोडून राह्यले होते. मागचा थो वरडणारा माणूस, थोच पुढी येऊन म्हणते, "मावशी, चार्जिंग संपत असन तं माह्या फोनवरून लावू का?" नाई पडलं बंद. अकोला आलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पोरगी भेटली का कळवा बरं."

होस्टेलच्या दारात चंदाबाई म्हणून एक जण राखण करते. मी म्हटलं, "गीतांजली! गीतांजली कुठी हाये?" थे म्हणते, "मागच्या शेतात."

"शेतात काय करून राह्यली थे?"

"वांगे मोजून राह्यली."

धावलो आमी. पाहा तं काय! माही पोरगी डोक्याले रुमाल बांधून, चिखलात उभी, मैत्रिणीसंग खिदळून राह्यली! फोन बॅगमधी, बॅग झाडाले टांगलेली. मले पाह्यलं अन् म्हणते, "आई? तू? अन् बिस्मिल्लाखाला बी? काय झालं? बाबा बरे हायेत ना?"

म्या तिले धरलं. आंगभर चाचपून पाह्यलं. म्हटलं, "रडकी गाणी कावून ऐकते तू? कोणी काई म्हटलं का? कोण हाये थो? नाव सांग! का नापास झाली? झाली तं झाली, आपलं दुकान हाये ना! अन् आज कावून नाई ऐकलं? अन् खिडकीतली जागा रिकामी म्हणजे काय वं?"

पोरगी म्हणते, "आई, थांब. श्वास घे. कोणती गाणी?"

फोन दाखवला. पाह्यलं तिनं अन् म्हणते, "ही तं माही अभ्यासाची गाणी हायेत, मांगच्या वर्षीची. मस्त वाटते ऐकून. पण आई..." अन् चाचरलीच. "मी या खात्यावर ऐकतच नाई आता. दिवाळीपासून येगळं घेतलं मी."

"येगळं?"

"तू दिवसभर ऐकते, आई! मी एक गाणं लावलं का तू मेटल लावून बंद पाडते! अन् फोन आपल्या आवडीचं गाणं शोधून लावते ना, त्याले काय माईत आवड तुही का माही. त्या दिवशी पोरी नाचून राह्यल्या होत्या, अन् मधातच देवीची आरती लागली. सगळ्या चपला काढून उभ्या!"

"मंग मले सांगितलं कावून नाई?"

म्हणते, "तुले वाटलं असतं पोरगी येगळी निंघाली."

माह्या डोळ्यात पाणीच आलं. पण दुःखाचं नाई हो! छातीवरचं ओझंच उतरलं. पोरगी धड हाये, हासून राह्यली, वांगे मोजून राह्यली, आणखी काय पाह्यजे? मी तिथंच बांधावर बसली. बिस्मिल्लाबी बी बसली. म्हणते, "या अल्ला, तेरा शुक्र है." अन् मंग तिच्याच डोक्यात आलं. म्हणते, "मगर माणिक... बच्ची नहीं सुन रही, तो कौन सुन रहा?"

मी फोन दाखवला, "पाह्य ना, 'गीतांजलीचा फोन' लिहून येते."

गीता म्हणते, "आई, माह्या जुन्या फोनले बी हेच नाव हाये, अन् खातं बी त्यात तसंच राह्यलं. जुना फोन कोणाकडे हाये?"

जुना फोन...

पहाटे फुलबाजारात जाणारा! कानावर मफलर ओढणारा! मफलरच्या आत वायर, अन् मी समजतो माणूस ऐकत नाई! अवं माय! अन् तेच तेच गाणं, मी नसली तरी सकाळ होईल, खिडकीतली जागा... थे सगळं शेषराव ऐकून राह्यले होते! अन् आज ऐकलं नाई!

शेषरावचा फोन लावला. बंद. परत लावला. बंद! आत्ताच खाली उतरलेला जीव परत वर चढला. मीच म्हटलं होतं ना याईले काळीज नाई! तोंडानं म्हटलं होतं! निखतले फोन लावला. "निखत! तुहे काका कुठी हायेत?"

"इथंच हायेत, काकू. शेवंती पाण्यात ठेवून राह्यले."

"अन् त्याईचा फोन?"

निखत हासून म्हणते, "थो पहाटे बकेटीत पडला म्हणे. तुमी बोलसान म्हणून सांगितलं नाई त्याईनं. तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला हाये."

हुश्श... तुमाले सांगतो, एका दिवसात दोनदा असा जीव परत भेटणं म्हणजे काय, थे मले विचारा. गीतानं फोन घेतला, स्पीकरवर टाकला. म्हणते, "बाबा, माही गाणी ऐकता तुमी?"

तिकडून, "हं."

"कावून?"

मले वाटलं आता परत 'हं' येईन. अन् मंग थो माणूस बोलला. "तू घरात असताना हेच लागलेलं राहे. तुह्या खोलीतून ऐकू ये. थे लावलं का... तू घरात हायेस असं वाटते."

चिखलात उभी राहून पोरगी रडली. मघाची मी रडत होती, आता थे रडली. बिस्मिल्लाबीनं तं दुपट्ट्यात तोंडच खुपसलं. अन् मी? मी काईच बोलली नाई. खरंच नाई बोलली, त्या येळेले खरंच नाई. म्हटलं, मी साऱ्या अमरावतीले सांगत फिरली का मले पोरीची याद येते, अन् हा माणूस मफलरात याद बांधून झेंडूची पोती उचलत राह्यला.

संध्याकाळी घरी आली. येताना तीच गाडी भेटली, कंडक्टरले सांगितलं, भेटली पोरगी. त्यानं तिथंच टाळ्या वाजवल्या. घरी शेषराव तांदळाच्या डब्यापाशी बसलेले. मी रागावली नाई. शेजारी बसली. एकदम नरम आवाजात म्हटलं, "अहो, याद येत होती तं मले सांगायचं ना."

"हं."

"आता गीतानं तुमचं येगळं खातं काढून देतो म्हटलं हाये. पण एक सांगा, आपल्या भाषेत एवढी गाणी हायेत, याद आली तं त्यातलं एखादं ऐका. त्या कोरियन बाईचा एक तरी शब्द समजते का तुमाले?"

"नाई."

"मंग?"

शेषरावनं माह्याकडे पाह्यलं. मघाचं फोनवरचं सोडलं तं लग्न झाल्यापासून एवढं मोठं वाक्य त्याईच्या तोंडून म्या ऐकलं नव्हतं. म्हणाले, "समजत नाई म्हणून तं बरं वाटते, माणिक. समजणारं दिवसभर चालूच अस्ते आपल्या दुकानात."

आता यावर काय बोलता?

दुसऱ्या दिवशी सरळ निखतकडे गेली, म्हटलं, "पोरी, माह्या फोनात कोरियन शिकायचं काई अस्ते का पाह्य." तवापासून हार ओवता ओवता थेच शिकून राह्यली. 'जेवले का' येते आता. 'ताडपत्री फाटली' अजून यायचं हाये. मंग काय करता हो? नवऱ्यानं ऐकावं असं वाटत असलं तं बाईच्या जातीले काय काय शिकावं लागते!